अवचित सापडलेली गाठ : अधिवृक्क ग्रंथी, कॉर्टिसॉल आणि पुढची वर्षे



शाळेच्या स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने वैद्यकातील विषय घ्यावा, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. मी वैद्य नव्हे; रोगनिदान करण्याचा किंवा औषध सुचविण्याचा अधिकार माझा नाही. परंतु शब्दांचे अर्थ नीट लावणे हे ज्याचे आयुष्यभराचे काम, त्याला एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही. तपासणीच्या इंग्रजी अहवालातील एखाद्या शब्दामुळे काही माणसे विनाकारण घाबरतात, तर काही तितकीच विनाकारण निर्धास्त होतात. प्रस्तुत लेखाचा विषय असाच एक शब्द आणि त्यामागील वस्तुस्थिती हा आहे.

नवनगर हे हुबळी आणि धारवाड या दोन गावांच्या मध्ये वसलेले. येथील कर्नाटक कॅन्सर थेरपी अँड रिसर्च इन्स्टिट्यूटमुळे या वसाहतीचे नाव उत्तर कर्नाटकातील खेड्यापाड्यांत एका विशिष्ट चिंतेशी जोडले गेले आहे. गाठीला कन्नडमध्ये ‘गड्डे’ म्हणतात. आपल्या भाजीच्या ‘गड्ड्या’शी त्या शब्दाचे नाते कानाला सहज जाणवते, पण दवाखान्यात तो उच्चारला गेला की त्यातला घरगुतीपणा क्षणात नाहीसा होतो आणि ‘कॅन्सर तर नाही ना?’ हा एकच प्रश्न उरतो. प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर ‘नाही’ असे मिळाले की आपण सुटकेचा निःश्वास सोडतो आणि अहवालाची घडी करून तो कपाटात ठेवून देतो. अधिवृक्क ग्रंथीत अवचित सापडलेल्या गाठीच्या बाबतीत मात्र या ‘नाही’नंतर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो : ही गाठ काही स्रवते आहे काय? हा दुसरा प्रश्न विचारावयाचा राहून गेला तर काय होते, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

नाव आणि स्थान

‘वृक्क’ म्हणजे मूत्रपिंड. हा शब्द चरक-सुश्रुतांच्या संहितांत येतो. ‘अधि’ म्हणजे वर. वृक्काच्या वर बसलेली ती अधिवृक्क ग्रंथी. आपल्या प्रत्येकाच्या शरीरात अशा दोन ग्रंथी असतात, एकेका मूत्रपिंडाच्या माथ्यावर एकेक. प्रत्येकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. युस्टाची या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने सोळाव्या शतकात त्यांचे वर्णन केले. परंतु त्यांचे प्रयोजन काय, हे पुढे जवळजवळ तीन शतके कोणालाच उमगले नव्हते. १८५५ साली लंडनच्या थॉमस ॲडिसन या वैद्याने, या ग्रंथी नष्ट झाल्यास माणूस क्षीण होत होत मरण पावतो, असे दाखवून दिले. त्याने पाहिलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयरोगाने पोखरल्या होत्या.

या ग्रंथीचे दोन भाग असतात, आतला गाभा आणि बाहेरचे आवरण. आवरणाला लॅटिनमध्ये ‘कॉर्टेक्स’ म्हणजे झाडाची साल असे म्हणतात, आणि त्या सालीतून पाझरणारे संप्रेरक म्हणून ‘कॉर्टिसॉल’ हे नाव रूढ झाले. संप्रेरक म्हणजे ग्रंथीने थेट रक्तात सोडलेले, दूरच्या अवयवांना कामाला लावणारे द्रव्य. कॉर्टिसॉल रक्तातील साखर वाढविते, रक्तदाब सांभाळते, दाह आवरते आणि आजारपणाच्या वा संकटाच्या वेळी शरीराला तग धरावयास लावते. त्याचा दिवसाचा क्रमही ठरलेला आहे. पहाटेपासून ते चढू लागते, सकाळी उच्चांक गाठते, दिवसभर उतरत जाते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी होते.

त्याचा अभाव जसा घातक तसा अतिरेकही. हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यवैद्याने १९१२ मध्ये आणि नंतर १९३२ मध्ये अतिरेकाचे चित्र रेखाटले : गोल झालेला चेहरा, सुटलेले पोट, काटकुळे हातपाय, पोटावरचे जांभळे पट्टे, सहज मोडणारी हाडे. त्यास कुशिंगचा विकार म्हणतात. पुढे १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिसॉलचे भावंड असलेले कॉर्टिसोन हे द्रव्य संधिवाताच्या रुग्णास प्रथमच देण्यात आले, आणि या संशोधनासाठी केंडॉल, हेंच व रायश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज ज्यांना आपण सरसकट ‘स्टेरॉइड’ म्हणतो त्या औषधांचे कूळ हेच.

न शोधता कशी सापडते

पोटात खोलवर, पाठीच्या बाजूला दडलेल्या या ग्रंथीतील लहान गाठ हाताला लागत नाही आणि दुखतही नाही. जुन्या काळी ती शवविच्छेदनातच दिसे. १९७१ मध्ये इंग्लंडमध्ये गॉडफ्रे हाउन्सफिल्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा सी.टी. स्कॅन झाला, १९७९ मध्ये त्यास ॲलन कॉरमॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र गावोगावी पोहोचल्यावर एक नवीच गोष्ट घडू लागली. मुतखड्याचा शोध घेण्यासाठी, अपघातानंतर किंवा छातीच्या विकारासाठी स्कॅन करावा, आणि ज्यासाठी केला ते बाजूला राहून अधिवृक्क ग्रंथीत एक-दोन सेंटिमीटरची गाठ दिसावी. १९८२ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी अशा गाठीस ‘इन्सिडेंटलोमा’ असे नाव दिले. अर्धा शब्द इंग्रजी आणि गाठवाचक प्रत्यय ग्रीक, असा हा संकर आहे. मराठीत आपल्याला असे काही जुळवावे लागत नाही. ‘अवचित’ हा आपला जुना, सुंदर शब्द येथे पुरेसा आहे. अवचित गाठ म्हणजे मनात नसता, ध्यानी नसता समोर आलेली गाठ.

अशी गाठ दुर्मीळ नाही. पन्नाशीच्या सुमारास शंभरात सुमारे तिघांना, आणि उतारवयात शंभरात दहापर्यंत लोकांना ती असू शकते. या पुस्तिकेच्या वाचकांत माझ्या वयाचे जे आहेत, त्यांच्यापैकी काहींच्या अहवालात हा शब्द आधीच असेल आणि तो वाचलाही गेला नसेल.

पहिला प्रश्न : गाठ घातक आहे काय?

याचे उत्तर बहुधा त्याच स्कॅनमध्ये मिळते. हाउन्सफिल्डच्या सन्मानार्थ ऊतींची घनता त्याच्या नावाच्या एककात मोजतात. पाण्याची घनता शून्य, हवेची उणे एक हजार, चरबीची उणे शंभराच्या आसपास. अधिवृक्काच्या निरुपद्रवी गाठींत पुष्कळदा चरबीचा अंश भरपूर असतो, म्हणून त्यांची घनता कमी भरते. कोणतेही रंगद्रव्य न टोचता केलेल्या स्कॅनमध्ये गाठ एकजिनसी असून घनता १० किंवा त्याहून कमी असेल, तर ती निरुपद्रवी आहे असे समजतात आणि कॅन्सरच्या शंकेने पुन्हापुन्हा स्कॅन करण्याची आवश्यकता राहत नाही. घनता जास्त असेल, गाठ चार सेंटिमीटरहून मोठी किंवा ओबडधोबड असेल, अथवा रुग्णास पूर्वी अन्य अवयवाचा कॅन्सर झालेला असेल, तर तज्ज्ञ अधिक तपास करतात. बहुसंख्य अवचित गाठी निरुपद्रवीच निघतात, हे येथे ठासून सांगितले पाहिजे.

दुसरा प्रश्न : गाठ काही स्रवते आहे काय?

हा प्रश्न समजण्यासाठी आपल्या घरातील पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. हुबळी-धारवाडच्या माणसाला टाकीचे महत्त्व सांगावे लागत नाही. नीरसागर आणि मलप्रभेचे पाणी नळाला काही दिवसांआड येण्याची सवय आपल्या पिढ्यांना आहे. टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी भरले की तो वर उचलला जातो आणि नळ आपोआप बंद होतो. शरीरातही असेच घडते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अधिवृक्काला ‘कॉर्टिसॉल सोड’ असा निरोप धाडते. रक्तात ते पुरेसे झाले की निरोप थांबतो आणि स्राव मंदावतो. काही गाठी मात्र हा निरोप जुमानत नाहीत. टाकी भरली तरी एखादा नळ थेंबथेंब ठिबकतच राहावा, तशी गाठ दिवसरात्र थोडे थोडे कॉर्टिसॉल सोडीत राहते. मध्यरात्री जे शांत व्हावयास हवे ते शांत होत नाही.

हे ओळखण्याची परीक्षा साधी आहे. रात्री अकराच्या सुमारास डेक्सामेथासोन या कृत्रिम स्टेरॉइडची एक मिलिग्रॅमची मात्रा घ्यावयाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ-नऊच्या दरम्यान रक्तातील कॉर्टिसॉल मोजावयाचे. निरोगी शरीरात बाहेरून आलेल्या या स्टेरॉइडमुळे तरंगता गोळा वर उचलला जातो, आणि सकाळचे कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा त्याहून कमी भरते. काही प्रयोगशाळा हाच आकडा ५० नॅनोमोल प्रति लिटर असा लिहितात. त्याहून अधिक भरले, आणि कुशिंगच्या विकाराची बाह्य लक्षणे मात्र नसली, तर त्या अवस्थेस आज ‘सौम्य स्वायत्त कॉर्टिसॉल-स्राव’ म्हणतात.

परीक्षेला काही अपवादही आहेत. क्षयरोगावरील रिफाम्पिसिन, फेफऱ्यावरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन यांसारखी औषधे डेक्सामेथासोनचा शरीरातून लवकर निचरा करतात. संततिनियमनाच्या गोळ्यांनी कॉर्टिसॉलचा आकडा फुगलेला दिसतो. रात्रपाळी करणाऱ्यांची घडीच वेगळी असते. मोठ्या आजारपणातही आकडे फसवे येतात. म्हणून आपण घेत असलेली सर्व औषधे डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते, आणि आकडा सीमेवर असेल तर परीक्षा पुन्हा करतात. याखेरीज रक्तदाब असलेल्यांत किंवा रक्तातील पोटॅशियम कमी असलेल्यांत अल्डोस्टेरोन हे दुसरे संप्रेरक, आणि गाठीची घनता जास्त असल्यास ग्रंथीच्या गाभ्यातील ॲड्रेनॅलिनवर्गीय द्रव्ये यांचीही तपासणी करतात.

‘सौम्य’ या विशेषणाविषयी

येथे भाषेच्या अभ्यासकाला थोडे थांबावेसे वाटते. ‘स्वायत्त’ हा शब्द आपल्याकडे गौरवाचा आहे. महाविद्यालय स्वायत्त झाले की पेढे वाटतात. ग्रंथी स्वायत्त होणे म्हणजे मात्र शिस्त सुटणे होय. ‘सौम्य’ हे विशेषण तर अधिकच फसवे. सौम्य ताप, सौम्य भूकंप, सौम्य शिक्षा असे म्हणताना परिणाम सौम्य असल्याचे आपण गृहीत धरतो. या ठिकाणी ते विशेषण केवळ मापाचे आणि बाह्य लक्षणांचे आहे. स्राव थोडा आहे आणि रुग्णाकडे पाहून तो ओळखता येत नाही, इतकेच त्यातून कळते. दहा वर्षांनी काय होईल, हे त्यातून मुळीच कळत नाही. ठिबकणारा नळ एका रात्रीत घर भिजवीत नाही, पण भिंतीत ओल मुरवितो. तेव्हा ‘सौम्य’ हा शब्द वाचून अहवाल मिटून टाकणे हा अर्थाचा विपर्यास होय.

पुढच्या वर्षांत काय घडते, काय घडत नाही

प्रथम जे घडत नाही ते पाहू, कारण त्यात मोठा दिलासा आहे. २०१९ मध्ये ३२ अभ्यासांतील ४,१२१ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासण्यात आली. सरासरी सुमारे चार वर्षांत या गाठी वाढल्या त्या केवळ दोन मिलिमीटरच्या आसपास. आरंभी निरुपद्रवी ठरलेल्या गाठींपैकी एकीचेही पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर झाल्याचे आढळले नाही. सौम्य स्रावाचे उघड कुशिंगच्या विकारात पर्यवसान होण्याचे प्रमाण हजारात एकाहूनही कमी होते. सारांश, या गाठी सामान्यतः न वाढतात, न रूप पालटतात.

आता जे घडते ते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,३०५ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत सुमारे पंचेचाळीस टक्क्यांच्या गाठी सौम्य प्रमाणात कॉर्टिसॉल स्रवत होत्या आणि त्या रुग्णांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. अशा रुग्णांत उच्च रक्तदाब अधिक आढळला आणि तो आवरण्यास तीन वा अधिक औषधे लागण्याचे प्रमाणही अधिक; मधुमेह असलेल्यांना इन्सुलिनची गरजही अधिक पडत होती. इटलीत बोलोन्या येथे १९८ रुग्णांवर सरासरी साडेसात वर्षे लक्ष ठेवून २०१४ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांतही स्रवणारी गाठ असलेल्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण न स्रवणाऱ्या गाठीवाल्यांपेक्षा जास्त भरले.

सर्वांत विस्तृत पुरावा २०२२ चाच आहे. १६ देशांतील ३० केंद्रांतून ३,६५६ रुग्णांची सुमारे सात वर्षांची माहिती जमविण्यात आली. त्या काळात ३५२ जण मरण पावले. डेक्सामेथासोनच्या परीक्षेत कॉर्टिसॉल जितके अधिक न दबलेले, तितका मृत्यूचा धोका वाढलेला दिसला. आणि पासष्ट वर्षांखालील ज्या स्त्रियांत ते ५ मायक्रोग्रॅमच्याही वर होते, त्यांच्यात तो न स्रवणारी गाठ असलेल्या स्त्रियांच्या तुलनेत चौपटीहून अधिक होता. या ‘चौपटी’ने कोणी घाबरू नये. त्या वयाच्या स्त्रियांत मृत्यूचे मूळ प्रमाणच अल्प असते आणि अल्पाची चौपट ही बहुधा अल्पच असते. शिवाय असे अभ्यास दोन गोष्टी सोबत आढळतात एवढेच दाखवितात. एकीमुळेच दुसरी घडली हे त्यांतून सिद्ध होत नाही. तरीही निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकाच दिशेला बोट दाखवीत असतील, तर त्या दिशेकडे पाठ फिरविणे शहाणपणाचे नव्हे.

हाडांची गोष्ट स्वतंत्रपणे सांगावयास हवी, कारण ती सर्वांत मुकाट्याने घडते. कॉर्टिसॉलच्या अतिरेकाने हाड घडविणाऱ्या पेशी मंदावतात. परिणामी पाठीचे मणके दबतात, कधी काहीही न दुखता. आणि हाडांची घनता मोजली असता ती फारशी कमी नसतानाही. ऋतुनिवृत्तीनंतरच्या स्त्रीची उंची थोडी कमी झाली, पाठ वाकली, तर घरातील सारे ‘वय झाले’ असे म्हणतात. तिच्या अहवालात अधिवृक्काच्या गाठीची एक ओळ असेल, तर मणक्यांकडे निराळ्या नजरेने पाहणे इष्ट. त्यासाठी वेगळा खर्चही बहुधा लागत नाही. गाठ ज्या स्कॅनमध्ये दिसली त्याच चित्रांत मणकेही आलेले असतात. ते दबले आहेत काय, एवढे पाहून घेण्याची विनंती करता येते.

आपल्याकडील गुंता

आपल्या देशात या विषयाला तीन गाठी आणखी पडतात. पहिली अशी की, मधुमेह आणि रक्तदाब येथे इतके सार्वत्रिक झाले आहेत की त्यांच्या गर्दीत एखाद्या ग्रंथीचा दोष सहज लपून जातो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर आहे, आणि दर तीन प्रौढांमागे एकाहून अधिकांस उच्च रक्तदाब आहे. यांतील फार थोड्यांच्या विकाराचे मूळ अधिवृक्कात असते. म्हणून प्रत्येक मधुमेह्याने गाठ शोधण्यासाठी स्कॅन करून घ्यावा, असा अर्थ कोणी काढू नये. गाठ मुद्दाम शोधावयाची नसते. मात्र ती अवचित सापडलीच, तर तिच्याकडे डोळेझाकही करावयाची नसते.

दुसरी गाठ क्षयरोगाची. ॲडिसनच्या काळी लंडनमध्ये जे होते ते आपल्याकडे अजून संपलेले नाही. दोन्ही बाजूंच्या अधिवृक्क ग्रंथी सुजलेल्या दिसल्या, तर क्षयरोग किंवा हिस्टोप्लाझ्मोसिस या बुरशीजन्य रोगाचा विचार आपल्याकडील डॉक्टरांना करावाच लागतो. त्यांत कॉर्टिसॉल वाढत नाही, उलट आटते, आणि उपचारही सर्वस्वी निराळे असतात.

तिसरी गाठ स्टेरॉइडच्या अनिर्बंध वापराची. चिठ्ठीवाचून घेतलेल्या गोळ्या, गोरेपणासाठी वर्षानुवर्षे चोळलेली मलमे, सांध्यांच्या दुखण्यावर कोणी दिलेल्या, आत काय आहे ते न सांगणाऱ्या पुड्या या सर्वांतून स्टेरॉइड शरीरात जाऊ शकते आणि कुशिंगच्या विकारासारखेच चित्र उभे करते. अशा वेळी दोष ग्रंथीचा की पुडीचा, हे प्रथम ठरवावे लागते. त्यामुळे डॉक्टरांपुढे काहीही न लपविणे हाच उपचाराचा पहिला भाग होय. दम्यासाठी किंवा अन्य विकारासाठी डॉक्टरांनीच स्टेरॉइड दिलेले असेल, तर ते मात्र स्वतःच्या मनाने एकाएकी बंद करू नये.

उपाय कोणता?

गाठ निरुपद्रवी, चार सेंटिमीटरहून लहान आणि न स्रवणारी असेल, तर २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुन्हापुन्हा स्कॅन करीत राहण्याची गरज नाही. हाही एक उपायच आहे; अनावश्यक क्ष-किरण, खर्च आणि काळजी यांतून सुटका.

गाठ स्रवणारी असेल, तर रक्तदाब, साखर, रक्तातील चरबी, वजन आणि हाडे यांची दरवर्षी तपासणी करावी आणि जे बिघडले असेल त्यावर नेटाने उपचार करावेत. शस्त्रक्रियेचा विचार सरसकट होत नाही. गाठ एकाच बाजूस असेल, रुग्ण तुलनेने तरुण असेल, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हाडांचा ठिसूळपणा औषधांना दाद देत नसेल, तर ती ग्रंथी काढण्याचा सल्ला दिला जातो. १९९२ पासून ही शस्त्रक्रिया दुर्बिणीच्या साह्याने, लहान छिद्रांतून करता येते. इटलीतील डॉक्टरांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका चाचणीत ४५ रुग्णांपैकी २३ जणांवर शस्त्रक्रिया केली आणि २२ जणांवर औषधोपचार केले. सरासरी पावणेआठ वर्षांनी पाहता, शस्त्रक्रिया झालेल्यांतील रक्तदाबाच्या १८ पैकी १२ आणि मधुमेहाच्या ८ पैकी ५ जणांत सुधारणा दिसली. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील दुसऱ्या चाचणीतही शस्त्रक्रियेनंतर रक्तदाबाची औषधे कमी करता आली. मात्र या चाचण्या लहान आहेत. शस्त्रक्रियेने आयुष्य वाढते, असे त्यांनी सिद्ध केलेले नाही. सत्तरी उलटलेल्या, दोन गोळ्यांवर रक्तदाब आटोक्यात असलेल्या माणसाने ‘गाठ आहे ना, मग काढून टाका’ असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

शस्त्रक्रिया झाल्यास एक सावधगिरी अत्यावश्यक असते. एका बाजूची गाठ वर्षानुवर्षे जादा कॉर्टिसॉल पुरवीत असताना दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथी झोपी गेलेली असते. गाठ निघाल्यावर ती जागी होण्यास काही आठवडे, कधी कित्येक महिने लागतात. तोवर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या घ्याव्या लागतात आणि ताप, उलट्या वा अपघात झाल्यास त्यांची मात्रा वाढवावी लागते. ‘आता बरे वाटते’ म्हणून त्या मध्येच सोडल्यास जिवावर बेतू शकते. अशा रुग्णाच्या खिशात तशी नोंद असलेले कार्ड असावे आणि घरातील निदान एकाला त्याची पूर्ण माहिती असावी.

अहवाल हाती आल्यावर

आता व्यवहाराचे बोलू. पोटाचा किंवा छातीचा स्कॅन कोणत्याही कारणाने झाला असेल, तर अहवालातील शेवटचा ‘निष्कर्ष’ तेवढा न वाचता वरचा भागही वाचून घ्यावा. अवचित गाठीची ओळ पुष्कळदा तेथे असते. ती सापडल्यास डॉक्टरांना नम्रपणे विचारावयाचे प्रश्न चार आहेत. गाठीची घनता किती? रात्रीची एक मिलिग्रॅमची परीक्षा माझ्या बाबतीत करावयास हवी काय? माझा रक्तदाब, साखर आणि मणके यांचा या गाठीशी संबंध असू शकेल काय? आणि पुन्हा केव्हा दाखवावयाचे? यांची उत्तरे तारखेसह लिहून ठेवावीत आणि मूळ अहवाल जपून ठेवावा, कारण पाच वर्षांनी तुलना करावयाची झाली तर तोच एक आधार असतो. या परीक्षेसाठी दूरदेशी जावे लागत नाही. ज्याला आपण वर्षानुवर्षे ‘किम्स’ म्हणत आलो ते हुबळीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सत्तूरचे एस.डी.एम. रुग्णालय जवळच आहेत. प्रकरण गुंतागुंतीचे असेल, तर अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा, मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि अधिवृक्काच्या विकारांवर तेथे भरीव काम झालेले आहे.

शेवटची विनंती शाळेच्या ज्या माजी विद्यार्थ्यांनी वैद्यकाचा व्यवसाय पत्करला त्यांना. आपण ज्या बाकांवर बसून मराठी लिहायला शिकलात, त्याच मराठीत, किंवा रुग्ण कन्नडभाषी असेल तर कन्नडमध्ये, अहवालाच्या पाठीमागे दोन ओळी लिहून देत जा : ‘गाठ कॅन्सरची नाही. ती काही स्रवते का, हे तपासून घ्यावे.’ या दोन ओळी लिहिण्यास अर्धा मिनिटही लागणार नाही. इंग्रजी न येणारी एखादी आजी तो कागद नातवाकडून वाचवून घेईल, आणि पुढच्या तपासणीला येताना तो बरोबर आणील.